दोन पट्ट्या खाली

भाऊ गेल्यानंतर त्याची इलेक्ट्रिक गिटार वर्षभर समोरच्या खोलीत भिंतीवर लटकून होती, आणि मे महिन्याच्या दुपारी ती आपोआप वाजायची. सांगितलं तर लोक हसतील, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. मी स्वतः ऐकलं आहे. कूलर सुरू झाला की दोन-तीन मिनिटांत पाचवी तार थरथरू लागे, दांडीवरच्या फ्रेटच्या धातूच्या काडीवर घासून बारीक चरचर करी. कूलर बंद केला की ती थांबे. वहिनी त्या आवाजासमोर भाजी निवडत बसायची. एकदा मी उठून तारेवर हात ठेवला, तर म्हणाली राहू द्या.

मला भुताखेतांचं काही नाही, पण चरचरणारी तार मला सहन होत नाही. सदर भागात माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. तार कुठे घासते ते मी कान लावून सांगतो. सुटी तार वाजवताना आवाज आला तर दोष वरच्या खाचेत, दोन फ्रेटमधल्या एकाच घरात आला तर एखादी फ्रेट वर आलेली, सगळीकडे आला तर दांडी वाकलेली किंवा तारा फार खाली बसलेल्या. एवढं साधं आहे. आणि अशा माणसाच्या सख्ख्या भावाची गिटार शहरातली सगळ्यात जास्त चरचरणारी गिटार होती. जयंतीच्या प्रत्येक मंचावर ती चरचरली. वहिनी गायची, भाऊ शेजारी उभा राहून वाजवायचा, आणि मी समोर मान खाली घालून बसायचो.

दहा-अकरा वर्षं त्याने तिला मला हात लावू दिला नाही. दांडी कमजोर आहे म्हणायचा, पूर्ण ताण झेपत नाही. म्हणून त्याने सगळ्या तारांचा सूर दोन पट्ट्या खाली उतरवला होता आणि गाण्याच्या अख्ख्या पार्टीला दोन पट्ट्या खाली आणलं होतं. कीबोर्डवाल्याचं ठीक, तो एक बटण दाबून मोकळा. बाकीचे कुरकुरायचे, एका गिटारीसाठी सगळ्यांना काहून त्रास म्हणून. उतरवलेल्या तारा सैल पडतात, सैल तार फ्रेटवर घासणारच. निदान जाड तारा तरी टाक, म्हणून मी किती डोकं फोडलं. तो हसून विषय बदलायचा. मला वाटायचं, लहान भावाच्या हातावर याचा विश्वास नाही. ते मला लागायचं.

पहिल्या स्मृतिदिनाच्या दोन आठवडे आधी वहिनीने मला बोलावलं. तो गेल्यापासून तिने एक ओळही म्हटली नव्हती. त्या दिवशी वंदना झाल्यावर मी त्याची गिटार वाजवली तर ती त्याचं आवडतं गाणं म्हणेल, असं तिने सांगितलं. गिटार तेवढी नीट करून द्या. तिचं हे गाणं झालं नाही तर ती पुन्हा कधीच गाणार नाही, हे मला तिच्या तोंडाकडे पाहूनच कळलं.

मी गिटार दुकानात आणली. तारा काढल्या, दांडीवरचा त्याच्या बोटांचा काळा मळ पुसला, आणि तो पुसताना मला अतिशय वाईट वाटलं. मग नव्या तारा टाकून मूळ पट्टीत चढवल्या. दांडी आता वाकेल, मग वाकेल म्हणून दोन दिवस वाट पाहिली. तार पहिल्या आणि शेवटच्या घरात दाबून मधली फट पाहिली. कागद जाईल एवढी, हवी तेवढीच. दांडीला काही झालेलंच नव्हतं. कधीच नव्हतं. भाऊ माझ्याशी खोटं का बोलला, ते मला कळेना आणि त्याचा रागही आला. मी तारा टेकतात त्या ब्रिजवरून त्या किंचित उचलल्या. चरचर गेली. इतकी स्वच्छ ती त्याच्या हातात कधी वाजली नव्हती.

दुपारी घरी नेऊन खुंटीला टांगली. वहिनीने कूलर लावला आणि नेहमीसारखी समोर बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कूलर घरघरत राहिला, गिटार गप्प. वहिनीचा चेहरा उतरत गेला.

"भाऊजी, आता काहून नाही वाजून राहिली ते?"

तार चढवली तेव्हा तिचा आणि कूलरच्या घरघरीचा सूर वेगळा झाला होता. पूर्वी जवळजवळ एकच होता. हे मी तिला समजावून सांगितलं, दुकानात गिऱ्हाइकाला सांगतो तसं. मग वातावरण हलकं करावं म्हणून मी गिटार खाली घेतली आणि म्हटलं, गाणं एकदा म्हणून पाहू.

मुखडा तिने कसाबसा म्हटला. अंतरा वर चढतो तिथे तिचा आवाज फाटला. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. तिचा हात गळ्यावर गेला, दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या थायरॉईडच्या ऑपरेशनची आडवी खूण आहे तिथे.

आणि मला भाऊ दिसला. ऑपरेशननंतरची पहिली तालीम, आमच्याच गच्चीवर. वरचा सूर लागेना म्हणून वहिनी माईकजवळ घाबरून उभी, आणि हा सगळ्यांना सांगतो आहे की यार, माझ्या गिटारीची दांडी गेली, आजपासून सगळे दोन पट्ट्या खाली या. त्या दिवशी सगळ्यात जास्त कुरकुरलो होतो मी.

जाड तारा टाकल्या असत्या तर चरचर थांबली असती, आणि मग दांडी कमजोर आहे यावर कुणी विश्वास ठेवला नसता. म्हणून त्याने ती शेवटपर्यंत चरचरू दिली, माझे टोमणे ऐकून घेतले.

मी गिटार मांडीवर घेतली आणि तारांची एकेक खुंटी सैल करत त्या दोन पट्ट्या खाली आणल्या. ब्रिजही होता तसा बसवला. वहिनी बघत होती.

"काय झालं, भाऊजी?"

"काही नाही, वहिनी. दांडीच कमजोर हाये. पूर्ण ताण नाही सहन होत तिले."

तिने गळ्यावरचा हात खाली घेतला.

"तुमचे भाऊ बी असंच सांगत," ती म्हणाली. "माझ्याकडं न पाहता."

मी वर पाहिलं नाही. कूलर घरघरत होताच. माझ्या मांडीवर पाचवी तार हळूहळू थरथरू लागली, मग चरचरली. वहिनीने पदराने तोंड पुसलं आणि अंतऱ्यापासून गाणं सुरू केलं.