केमिस्ट्रीऐवजी करवत

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी आंब्याच्या रसाच्या डब्यांवरून होलसेलरशी भांडत होतो. दुसऱ्या लाइनवर त्याची बायको, सुजाता. ‘जरा थांब’ म्हणालो, भाव पाडला आणि मग तिचं ऐकलं... खरं सांगतो, आधी आला तो राग. आमचं भांडण अर्धवट टाकून हा माणूस निघून गेला होता.

डेव्हन ॲव्हेन्यूवर माझं किराणा दुकान आहे. देश सोडून इथे आलो तेव्हा दुसऱ्याच्या हॉटेलात भांडी घासली. मिलिंद नागपूरचा, इंजिनिअर. हायस्कूलची विषयांची पुस्तिका आली की ओळखीची मराठी कुटुंबं त्याच्या डायनिंग टेबलाशी जमायची. आपल्याकडे सायन्स, कॉमर्स, आर्ट्स, संपलं. इथे फ्रेंच, नाटक, मोटारदुरुस्ती, स्वयंपाकसुद्धा! कुठला वर्ग साधा, कुठला ऑनर्स, कुठल्या ‘एपी’चं, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या वर्गाचं, कॉलेजात क्रेडिट मिळतं, हे मिलिंद समजावायचा. त्याची अट एकच. एक विषय पोरानं निवडायचा, त्या वेळी आईबापांनी चहा प्यायचा आणि तोंड उघडायचं नाही.

माझ्या स्नेहानं एपी केमिस्ट्री सोडून वुडशॉप निवडलं. म्हणजे सुतारकाम!

“पोरीच्या हातात करवत देतोस?”

“तिनं मागितली, शेठ.”

“डॅड, इट्स माय पिक.”

“तू गप्प बस!”

“चहा पी,” मिलिंद म्हणाला, “निवतोय.”

मी त्यालाच घेऊन शाळेत गेलो. काउन्सेलर बाईंना म्हणालो, वुडशॉप राहू द्या, पण जिमचा, व्यायामाचा तास काढून केमिस्ट्री घाला. जिम सक्तीचं आहे म्हणाल्या. मी म्हणालो, बरं, अर्धं जिम. त्या हसल्या. परतताना मिलिंद म्हणाला, “यार, हा भाजीबाजार नाही.” मग मात्र मी भडकलो. “तुझ्या आजोबांनी गावाची पडेल ती कामं केली. त्यातून सुटायला तुम्ही शिकलात, आणि माझ्या पोरीला पुन्हा हाताच्या कामाला लावतोस?” तो ड्राइव्ह करता करता म्हणाला, “आजोबांना कुणी विचारलं नव्हतं, तुला काय करायचंय म्हणून. स्नेहाला विचारलं.”

मी त्याच्याशी काही महिने बोलणं कॅन्सल केलं. वर्ष संपताना स्नेहानं ओकचं स्टूल बनवलं आणि दिलं कुणाला? मिलिंदकाकाला! बूट घालायला तो त्यावरच बसायचा, मुद्दाम माझ्यासमोर.

“हलतं ते,” मी म्हणायचो.

“बसून बघ.”

“नाही बसत.”

पुढे स्नेहानं कॉलेजात केमिस्ट्रीच घेतली. मी म्हणालो, बघ. तोही म्हणाला, बघ! आमच्या भांडणाचा निकाल लागलाच नाही.

गेल्या आठवड्यात सुजातानं ते स्टूल दुकानात आणून ठेवलं. “भाऊ, हे रोज म्हणायचे, एक दिवस बसेल तो.” ती गेल्यावर बसलो. हललं नाही. डावीकडे रेललो, उजवीकडे रेललो. नाहीच. माल पारखण्यात माझा जन्म गेला, खोट काढल्याशिवाय मी पोतं आत घेत नाही. स्टूल उलटं करून काउंटरवर ठेवलं, सगळे सांधे चाचपले. शेवटी एका पायाच्या आतल्या बाजूला खोट सापडली. सरस ओघळून तसाच वाळलेला, पुसायचा राहिलेला.

“हे बघ!” मी ओरडलो. “मिलिंद, हे बघ इथे!”

आणि बोट त्या सरसावर ठेवून तसाच उभा राहिलो...