दहाव्या शब्दापर्यंत

"मोजू नका हो, बाई." हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. गुरुवारच्या शास्त्राभ्यासाला किती मंडळी आलीत, म्हणजे चहाचं आधण किती ठेवायचं, ते मी चर्चच्या दारात बोट नाचवत मोजत होते. आमचे पाळकसाहेब शिकवायला बोलावलेल्या ज्या पाहुण्यांना कौतुकानं आत आणत होते, तेच वाटेत थांबून मला हटकत होते. जन्मभर शाळेत हजेरी घेतलेली बाई मी. मला रागच आला.

"मग चहा काय अंदाजपंचे करू?"

"माणसं बटाट्यांसारखी मोजू नयेत, असं आम्हा यहुद्यांत मानतात. त्याऐवजी ही ओळ म्हणा." आणि त्यांनी मला दहा हिब्रू शब्द शिकवले. एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा. तुझ्या माणसांना राख, त्यांना सांभाळ, असं मागणं आहे ते, आणि शेवटच्या शब्दाचा अर्थ सर्वकाळ. ओळ पुरी झाली की दहा माणसं झाली. तेव्हापासून आमच्या चर्चचा चहा हिब्रूत होऊ लागला.

मंडळी त्यांना रब्बी, म्हणजे धर्मगुरू, म्हणायची. "मी रब्बी नाही. साधा हजान, म्हणजे प्रार्थना म्हणणारा. आणि खडकीच्या कारखान्यातला रिटायर्ड फोरमन," असं ते दर गुरुवारी सांगत. लोक मान डोलावत आणि पुन्हा रब्बीच म्हणत. राहायला रास्ता पेठेत, एकटे. बायको गेलेली, मुलगी इस्राएलात. ती बोलवून बोलवून थकली. "मी गेलो तर हिच्यासाठी वर्षाची प्रार्थना इथं कोण म्हणणार?" एवढंच त्यांचं उत्तर असे.

ते बोलायला लागले की संध्याकाळ जरा सैल व्हायची. खिडकीच्या रंगीत काचांतून लाल-निळा उजेड त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरायचा, पंखा वर कुरकुरत फिरायचा आणि ते डोळे अर्धे मिटून अब्राहामाची गोष्ट अशी सांगायचे की तो शेजारच्या आळीत राहतो असं वाटावं. भर दुपारी अब्राहाम तंबूच्या दारात बसलाय. प्रत्यक्ष देव त्याच्याशी बोलतोय. इतक्यात लांबून तीन वाटसरू येताना दिसतात, आणि हा देवाला म्हणतो, जरा थांब, पाहुणे आलेत. "देवानं राग मानला नाही. तो थांबला." पुण्यात, दुपारच्या पाहुण्याबद्दल असं काही सांगायला छाती लागते. पण आम्ही सगळे त्या तंबूच्या दारातच बसलेलो. मला तर त्या वाळूचा वास येई, आणि घरी जाताना रिक्षांचे हॉर्न कुठून तरी फार लांबून ऐकू येत.

कुणी "जुना करार" म्हणालं की ते हळूच सांगत, "आमच्याकडे तो एकच आहे हो. अजून वापरात आहे." प्रभुभोजनाच्या रविवारी कधी आले, तर शेवटच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसून राहत. भाकर-द्राक्षरस घ्यायला पुढे येत नसत, आणि उठूनही जात नसत.

त्यांच्या बायकोचा वर्षाचा दिवस आला. ती प्रार्थना, कद्दीश. गेलेल्यांसाठी म्हणायची, पण तिच्यात मरणाचा शब्दही नाही, सगळी देवाची स्तुती, असं त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. तिला दहा यहुदी पुरुष लागतात. पेठेत आता तेवढे जमणं मुश्कील. कुणी ठाण्याला, कुणी परदेशात.

मी म्हटलं, "आमचे पुरुष येतील की."

"या ना सगळे. पण ओळीत धरता येणार नाही."

"म्हणजे आमच्याकडे येऊन शिकवायचं, आणि तुमच्याकडे आम्ही हिशेबातसुद्धा नाही?"

ते रागावले नाहीत. "बाई, तुमच्या भोजनाला मी पुढे येतो का? तरी तुम्ही मला कधी परकं मानलंत?" त्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या प्रार्थनामंदिरात गेलो.

आमचे पुरुष डोक्याला रुमाल बांधून मागच्या बाकांवर बसले. आम्ही बायका वरच्या सज्जात. खोबरेल तेलाचे दिवे काचेत तेवत होते. मी वरून त्यांच्या पुरुषांकडे बघत ओळ म्हणून पाहिली. शेवटचा शब्द उरला. त्यांचा पुतण्या ठाण्याहून निघालेला, तो घाटात अडकला होता. रब्बी दाराकडे बघत उभे राहिले. दिवस मावळला, वेळ टळली, कद्दीश राहिली. त्यांनी पुस्तक मिटलं आणि मागे वळून आमच्याकडे पाहिलं. "चला. देवाला मेंढपाळ म्हणणारं स्तोत्र तुम्हालाही येतं. त्याला दहा लागत नाहीत." त्यांनी हिब्रूत धरलं, आम्ही मराठीत. म्हणताना त्यांचा आवाज मध्येच बसला, तेव्हा आम्ही पुढे नेलं. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

पुढचं वर्ष त्यांना मिळालंच नाही. झोपेतच गेले. कबरस्तानात बायकोच्या शेजारीच त्यांची जागा होती. मुंबई, पनवेल, ठाणे, कुठून कुठून टोप्या घातलेले पुरुष आले. मी लांब बायकांत उभी. ओठांतल्या ओठांत ओळ म्हटली, ती पुरी झाली, आणि तरी माणसं उरली. पुतण्यानं कद्दीश म्हटली. लोक निघू लागले.

शाळेत पोरं थांबवायचे त्या आवाजात मी म्हणाले, "थांबा. अजून एक राहिलीय."

पुतण्या जवळ आला. "कुणाची, बाई?"

मी शेजारच्या कबरीकडे हात केला. डोळे पुसून त्यानं टोपी नीट केली, आणि ते सगळे काकूंच्या बाजूला सरकून पुन्हा उभे राहिले.