शेवट न पाहिलेला सिनेमा

मास्तरकीत पगार साठत नाही, किस्से साठतात. आमच्या हायस्कूलच्या फिल्म क्लबचे तर इतके, की आगरदांड्याच्या जेट्टीवर सांगायला बसलो तर फेरीबोट माझ्यासाठी थांबेल.

सिनेमा एकच. जुना, ब्लॅक अँड व्हाईट. नवरा समुद्रात गेलाय, बायको किनाऱ्यावर वाट बघतेय. तो येतो का? मलाही ठाऊक नाही. शेवट जवळ आला की कॉम्प्युटर लॅबची लाईट जाते, प्रोजेक्टर बंद! दर शुक्रवारी. पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा पहिल्यापासून लावतो, कारण क्लासिक पुढे पळवत नाहीत. मुलांना मी आजवर तीन वेगवेगळे शेवट सांगितलेत. तिन्ही शपथेवर.

*

बायको नुसती समुद्राकडे बघते, असा एक लांबलचक शॉट आहे. नववीतला साहिल उठला आणि लॅपटॉपला थापटी मारून आला.

"हँग झालाय सर."

*

समीक्षेत कॅमेऱ्याविषयी लिहा म्हटलं. साहिलने लिहिलं, "पूर्ण सिनेमाभर कॅमेरा कुठेच दिसला नाही."

मी शाळेमागे जाऊन सुपारीच्या झाडाला टेकून उभा राहिलो. झाडानेच मला सावरलं.

*

हेडसर एकदा बघायला आले. यातून मार्क मिळतात का, विचारलं. नाही म्हटलं. तरी लाईट जाईपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी नोटीस: लॅब कोचिंगला, येता शुक्रवार शेवटचा. मग हळूच जवळ येऊन विचारलं, "तो येतो का हो?"

त्यांना चौथा शेवट सांगितला.

*

पौर्णिमा साहिलच्याच वर्गातली, कोळीवाड्यातली. गेल्या मोसमात वादळात तिच्या बाबांची होडी गेली, ती आली नाही. भाऊबंद म्हणतात, आता विधी उरका. आई ऐकत नाही. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं होतं, तू नको बसूस. ती बसली.

त्या लांबलचक शॉटवर सगळ्यांनी लिहिलं, बोअर. तिने लिहिलं, "लांब न्हाय. लवकर कापलाय."

*

शेवटचा शुक्रवार. शेवट जवळ आला आणि लाईट गेलीच नाही! पुढचं मीसुद्धा पहिल्यांदाच बघत होतो.

पडद्यावर लांबून एक होडी आली. होडीत कोणीतरी उभं राहिलं. चेहरा दिसेना. बायको गुडघाभर पाण्यात शिरली. साहिल बाकावर उभा राहून, कोण हाय, कोण हाय, करत होता.

पौर्णिमा उठली. दाराशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला.

पंखे फिरत फिरत थांबले.

"लाईट गेली, सर," ती म्हणाली.

अंधारात साहिल बाकावरून उतरला आणि दर शुक्रवारसारखा एकेक खिडकी उघडत गेला.

"व्हय सर. गेली."