मंगळवारची खुंटी

अण्णा गेल्याचं मला धरणावरच्या फोनवरून कळलं. आमचा ऑपरेटर बापू. त्यानं फौजेतल्या सवयीनं आधी वेळ सांगितली, मग बातमी. "सकाळी सव्वाआठ, भाऊसाहेब. अण्णा गेलं." त्याला आता पाच आठवडे झाले.

अण्णा आमच्या नियंत्रण खोलीतले तपासनीस. मूळचे माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरातले. ते इथं आले तेव्हा धरणाची दारं नुकतीच स्वयंचलित झाली होती. काचेच्या कपाटात पितळेचा एक ढोल आठवड्यातून एक फेरा पुरा करी. त्यावर सात दिवसांच्या सात ओळी आणि तासातासाची भोकं. ज्या भोकात खुंटी, त्या वेळेला दार उघडायचं. वेळापत्रक मी टाइप करी, खुंट्या बापू बसवी आणि दोन्ही जुळतात हे पाहून अण्णा सही करत. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी 'आता माणसाची चूक संपली' असं जाहीर केलं होतं. चुकीची खुंटीही यंत्र तितक्याच निष्ठेनं मानतं, हे भाषणात नव्हतं. धोक्याचा भोंगाही होता. पण तो पाहुण्यांच्या स्वागताला इतका वाजवला होता, की खालचे लोक त्याला मंत्री आल्याची खूण समजत.

अण्णांची पद्धत मात्र विचित्र होती. कागद आणि खुंट्या जुळल्या, की ते डोळे मिटून उभे राहत. बापूनं एकेक वेळ वाचायची आणि त्या वेळी खालच्या नदीपात्रात कोण असेल, ते अण्णांनी सांगायचं. "बुधवार, सात." "दोघी धुनं धुत्यात. दम धर, आठ कर." मला हे सगळं नाटक वाटे. पलीकडच्या गावचा बाजार सोमवारी. लोक कोरड्या पात्रातूनच जात-येत. म्हणून पाणी नेहमी मंगळवारी दुपारी बाराला सुटे. त्या ओळीला अण्णांचं उत्तर ठरलेलं : "रिकामं."

एका शनिवारी ते उत्तर आलंच नाही. बापूनं पुन्हा वाचलं.

"पात्र भरलंय," अण्णा म्हणाले.

"आवं, पानी सुटायच्या आदीच?" बापू हसला.

"मानसांनी."

साहेबांना बोलावणं गेलं. टाय सावरत आले.

"कागद बरोबर आहे?"

"व्हय."

"खुंटी बरोबर आहे?"

"व्हय."

"मग सही करा."

अण्णांनी कपाट उघडलं, मंगळवारची खुंटी उपटली आणि खिशात घातली. साहेबांनी त्यांना जागच्या जागी घरी पाठवलं. पण तपासनिसाच्या सहीशिवाय ढोलाला हात लावायचा नाही, हा नियम साहेबांचाच. आणि बदली माणूस बुधवारी यायचा होता.

मंगळवारी बाराला मी खिडकीत होतो. ढोल रिकाम्या भोकावरून टकटक करत पुढे गेला. खाली पात्रात बैलगाड्या, पाट्या घेतलेल्या बायका, मेंढरं... इतक्या वरून आवाज येत नव्हता, नुसती हालचाल दिसत होती. त्या गावात एका म्हातारीची मयत झाल्यामुळे बाजार एक दिवस पुढे गेला होता. साहेबांनी अण्णांना मुकाट्यानं परत घेतलं. कुणीतरी त्यांना आधीच सांगितलं असणार, असं म्हणाले. मलाही तेच म्हणायला आवडलं असतं. पण ती म्हातारी रविवारी गेली. खुंटी शनिवारी निघाली होती.

"कसं कळलं?" मी नंतर अण्णांना विचारलं.

"कळलं न्हाई. दिसलं." "मागं दुसऱ्या धरणावर असंच दिसलं हुतं. तवा कागद बरोबर हुता म्हनून सही केली."



आता नवा माणूस नेमेपर्यंत सही मी करतो. अण्णांसारखे डोळेही मिटतो. बापू त्याशिवाय वाचतच नाही. गेल्या आठवड्यात त्यानं वाचलं, "गुरुवार, अकरा. उघड." कोरडं पात्र दिसलं, आणि मधोमध आमच्याकडे पाठ करून उभे असलेले अण्णा.

"कोन हाय?" बापूनं हळूच विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. त्यानं आपणच खुंटी काढली.

गुरुवारी अकराला आम्ही दोघं खिडकीत उभे होतो. पात्रात चिटपाखरू नव्हतं... तरी बारा वाजेपर्यंत आम्ही खुंटी परत बसवली नाही, पाणी सोडलं नाही.