माठातला जंतू आणि आमचे फुरसं डॉक्टर

सापांना मारणारा नवा जंतू म्हणून मी जो शोधून काढला, तो आमच्या पिण्याच्या माठातला निघाला. चूक माझी, ती पकडणारे आमचे डॉक्टर.

अलिबागच्या प्रयोगशाळेत आम्ही त्यांना पाठीमागे फुरसं म्हणत असू. अंगाने एवढेसे. फुरसं डसण्याआधी अंग घासून करकरतं, तसे डॉक्टर बोलण्याआधी तळवे घासत. "तुमच्या वेळी सुईण घाईत होती का हो?" हा माझ्या सकाळचा नैवेद्य. मीही संत नव्हतो. त्यांची चष्म्याची डबी रोज नव्या जागी ठेवत असे.

त्या वर्षी विषासाठी पाळलेल्या घोणशी तोंडात पू होऊन एकामागून एक मरू लागल्या. हा जंतू कुठल्याच पुस्तकात नाही, अशी डॉक्टरांची खात्री झाली. तो सिद्ध झाला, तर मुंबईचे साहेब त्याला डॉक्टरांचं नाव देणार होते. पंधरा वर्षं सापांची तोंडं उघडून बघणाऱ्या माणसाला दुसरं काही नको होतं.

तारेने पू उचलून, जंतू वाढावेत म्हणून बशीत थिजवलेल्या रश्श्यावर ओढायचा, हे माझं काम. दर वेळी तारेवरचे जुने जंतू मरावेत म्हणून ती आधी दिव्यावर लाल करायची आणि निवेपर्यंत थांबायचं. "शंभर मोजा," डॉक्टर बजावत. मी तार सरळ माठात बुडवायचो. चर्र, की झालं. प्रत्येक बशीत एकच हिरवट जंतू उगवू लागला. डॉक्टरांनी मुंबईला पत्र धाडलं आणि त्या दिवशी मला चक्क "बसा" म्हणाले.

मग साप आणून देणारे म्हसळ्याचे हसनचाचा एक कासव घेऊन आले. त्याच्याही तोंडात मला तोच जंतू सापडला. पुढच्या फेरीला ते ऐकून चाचा हसले. "डॉक्टरसाब, हा तर अख्खी पपई खातोय. ह्याला बिमारी कसली?"

डॉक्टरांनी तळवे घासले. मला एक नळी दिली. "नव्या घोणशीची लाळ."

दोन दिवसांनी मी ऐटीत सांगितलं, "तोच जंतू."

"ते उकळलेलं पाणी होतं," डॉक्टर म्हणाले, आणि "पुन्हा करा" म्हणत स्टूल घेऊन माझ्या मागे बसले. सवयीने माझा हात माठाकडे गेला.

मुंबईला दुसरं पत्र गेलं: "जंतू पाण्यातला, चूक माझ्या हातची." खाली सही डॉक्टरांची. माझं नाव कुठेच नाही. खरा जंतू त्यांना शेवटपर्यंत सापडला नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी रेवसच्या धक्क्यावर त्यांना बोटीत बसवताना मी म्हणालो, "डॉक्टर, माझं नाव राखलंत. उपकार विसरणार नाही."

"उपकार कसले? तुमचं नाव लिहिलं असतं, तर असल्या माणसाच्या हाती तार दिली कोणी, असं साहेबांनी मलाच विचारलं असतं."