नावं ठेवणारी बाई

तिला सगळे टाचणी म्हणायचे. उंची बेताची, अंगानं काटकुळी, आणि बोलणं असं की समोरच्याला टोचलंच पाहिजे. संग्रहालयाच्या तळघरात सव्वीस वर्षं ती सुई, ब्रश आणि डिंकाची बाटली घेऊन दगडातून हाडं मोकळी करत होती.

त्या वर्षी कोंबडीएवढा एक मांसाहारी डायनासोर तिच्या टेबलावर आला. अकरा महिने ती त्याच्यावर वाकलेली. मान धरली, चष्म्याचा नंबर वाढला. आणि मग वरून मोठ्या साहेबांची चिठ्ठी: पाटी लिहा, ‘दालनातल्या मोठ्या डायनासोरचं पिल्लू’. पाट्या तीच लिहायची, अक्षर मोत्यासारखं होतं ना!

टाचणी चिठ्ठी घेऊन तडक जिना चढली.

“पिल्लू नाही हे, साहेब. पिलाच्या मणक्यात वरच्या-खालच्या भागांमध्ये शिवण दिसते. वाढ पुरी झाली की ती बुजते. याच्या एकाही मणक्यात शिवण नाही, मी सुईनं चाचपलंय. चांगला घोडा झालेला आहे हा, जातच बुटकी आहे याची.”

“बाई, तुम्ही हाडं साफ करा. नावं आम्ही ठेवू.”

झालं! तिच्या डोक्यात तिडीकच गेली. शाळेपासून ‘ए बुटके’ ऐकत आलेली बाई ती.

“नावं मलाही ठेवता येतात, साहेब. मांडीचं हाड कापून बघा. पिल्लू निघालं तर पिशवी उचलून घरी जाते, परत येत नाही. तोवर ही पाटी मी लिहिणार नाही.”

घरी नवऱ्यानं कपाळावर हात मारला. “अगं, लिही की चार अक्षरं! तुझं काय जातं?”

“माझं अक्षर जातं,” ती म्हणाली.

पाटी अडून राहिली, तेव्हा साहेबांनी हाड कापून घेतलं. झाडाच्या खोडात असतात तशा वाढीच्या रेषा, कडेला अगदी दाटीनं चिकटलेल्या. वाढ केव्हाच थांबली होती. नवीच जात निघाली! साहेबांनी शोधनिबंध लिहिला, जातीला ऐटबाज नाव दिलं. टाचणीचा उल्लेख त्यात औषधालासुद्धा नव्हता.

पाटी मात्र तिच्याकडेच आली. तिनं साहेबांनी दिलेलं नाव लिहिलं. खाली ‘पूर्ण वाढलेला’. त्याखाली, तितक्याच मोठ्या अक्षरात, ‘हे पिल्लू नाही, असं ओळखणारी’ आणि स्वतःचं पूर्ण नाव.

“हे कोणी सांगितलं लिहायला?” साहेब कडाडले.

“कोणी नाही. तुम्ही त्याचं नाव ठेवलंत, मी माझं ठेवलं. आता मला काय नावं ठेवायची ती ठेवा.”

काचपेटीची किल्ली तिच्याकडेच असायची. साहेबांच्या देखत तिनं पाटी आत ठेवली आणि कुलूप लावलं.