दहा मूर्ती

पेणच्या खाडीकडच्या गावातला कान्हू हा माणूस डोळ्यांवर पोट भरतो. गणपतीच्या कारखान्यात सोंड कुणीही रंगवावी, पितांबर कुणीही नेसवावं. डोळ्यांची आखणी मात्र कान्हूचीच. बाप जन्मभर मिठागरात राबला. कान्हूने विसाव्या वर्षी फावडं टाकून कुंचला धरला. कुणी शिकवलं विचारलंत तर सरळ सांगतो, "थेटरानं." पडद्यावर नटीचा चेहरा जवळ आला की एकेक डोळा बैलगाडीएवढा होतो, रेघ कुठे जाड, कुठे बारीक, सगळं दिसतं. मोबाईलवर तोच डोळा तांदळाएवढा. तांदूळ शिजवायचा असतो, बघायचा नसतो, असं त्याचं मत आहे.

आखणीला हात कमी पडतात म्हणून दरवर्षी काही मूर्ती डोळ्यांविनाच टेम्पोत बसून रोह्याला दिनानाथच्या दुकानात जातात. त्याच टेम्पोतून कान्हूही जातो आणि तिथे डोळे घालतो. पण त्याआधी स्टँडामागच्या थिएटरात साडेतीनचा खेळ, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. धाटावच्या कारखान्यांतली पहिली पाळी सुटून आलेली मंडळी, त्यांच्या शिट्ट्या, दिवे गेल्यावर कुणीतरी काढलेली आरोळी, एका फालतू विनोदावर तीनशे माणसांचं एकदम खदखदणं. सिनेमा बरा की वाईट, याची चौकशी कान्हूने कधी केली नाही. मला विचाराल तर करूही नये.

यंदा थिएटरच्या दारावर कागद चिकटवलेला होता. आज शेवटचा दिवस, उद्या पडदा उतरणार. कान्हू धावत तिकिटाच्या खिडकीशी गेला. आत हर्षद बसला होता. हा नवा मॅनेजर साताऱ्याकडचा, रोह्यात येऊन त्याला पुरते चार महिने झाले नव्हते.

"काका, आता सगळे मोबाईलवर बघतात, तुम्ही एकटेच आहात. एकट्यासाठी खेळ लावत नाही," हर्षद म्हणाला. "मालक मुंबईत बसून मोबाईलवर आतला कॅमेरा बघतात, डोकी मोजतात. निदान दहा मूर्ती तरी आणा, लगेच लावतो."

आता माणसाला गमतीने मूर्ती म्हणतात, हे हर्षदला ठाऊक. पण पेणमध्ये हयात घालवलेल्या माणसाच्या कानाला मूर्ती म्हणजे मूर्ती. कान्हूला तसूभरही शंका आली नाही. उलट शेवटच्या खेळाला हा पोरगा देव बसवतोय म्हणून त्याला भरून आलं.

"दहाच ना? हायत की! टेम्पोत बसल्यात. एक जरा पोटानं मोठी हाय, चालंल?"

"पोट बघून कुठे तिकीट देतो आम्ही? आणा."

अर्ध्या तासाने टेम्पोवाला शिवा पहिला गणपती छातीशी धरून दारात उभा राहिला तेव्हा हर्षदच्या हातातला चहा सांडला. मागे नऊ होते.

"अहो काका, मूर्ती म्हणजे माणसं!"

"मंग माणसं म्हनायचं! आता देवाला दारातनं माघारी पाठवायचा का?"

हर्षदने चपला काढल्या. तिसऱ्या रांगेत दहा गणपती बसले. एका लहानग्याला खुर्चीने मिटून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या शेजारी वीट ठेवावी लागली. उंदरांना तिकीट लागतं का, हे शिवाने विचारून घेतलं. तीन वर्षांखालचे फुकट, असा निर्णय झाला.

तेवढ्यात मालकाचा फोन आला. कॅमेरा मागच्या भिंतीवर, त्यामुळे त्याला फक्त मुकुट दिसत होते. "अरे हर्षद, एवढे नवरदेव कुठून आले?"

"सामुदायिक विवाह आहे, साहेब," हर्षद म्हणाला, आणि आपण हे का बोललो ते त्याचं त्यालाच कळेना. मग त्याने शेवटची अडचण काढली. "काका, यांना डोळेच नाहीत. बघणार कशाने?"

कान्हूने पिशवीतून कुंचला काढला. तीस वर्षं त्याने देवाची नजर खाली आखली, पायाशी हात जोडून उभ्या असलेल्या माणसावर. आज पडदा उंच, खुर्ची खाली. त्याने दहाही जणांची बुबुळं दोन रेघा वर चढवली, फुंकर मारली आणि म्हणाला, "लावा."

दिवे गेले. शिवाने आरोळी ठोकली. सिनेमा अगदीच सुमार होता. पहिल्या विनोदाला कान्हू एकटाच हसला आणि रिकाम्या थिएटरात ते हसू त्याच्याकडे परत आलं. त्याला फार वाईट वाटलं. पण दुसऱ्या विनोदाला मागून हर्षद फसकन हसला, तिसऱ्याला शिवा खुर्चीवरून घसरला, आणि मध्यंतरानंतर तर कान्हू शपथेवर सांगतो की तिसरी रांग हलत होती. विटेसकट. घर भरल्यासारखं वाटलं त्याला. सुटल्यावर डोळे पुसून तो हर्षदला म्हणाला, "लय बरं केलंत, साहेब."

पडदा उतरला. थिएटराचं गोदाम झालं, हर्षद साताऱ्याला गेला.

चतुर्थीला खांब गावाहून बायजाचा फोन आला. ही कान्हूची थोरली बहीण. तिच्या घरचा गणपती दिनानाथच्याच दुकानातला. "कान्हू, डोळं कसं घातलंस रं? देव आमच्याकडं बघतच नाय. डोक्यावरनं पल्याड बघतोय. आरतीला उभं रहायची लाज वाटते."

कान्हू संध्याकाळी तिच्याकडे पोचला. मखरापुढे उभा राहिला. शेजारी वीट नव्हती, तरी त्याने तो लहानगा लगेच ओळखला. देव खरोखरच त्याच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर जिथे जात होती तिकडे कान्हूने वळून पाहिलं. समोर सणासाठी नुकताच चुना मारलेली भिंत होती, वरपर्यंत पांढरीशुभ्र, एक खिळासुद्धा नसलेली.

मखराला पाठ लावून कान्हू देवाच्या शेजारी मांडी घालून बसला आणि मान वर करून भिंतीकडे बघू लागला.

"काय रं? काय दिसतंय तुला?" बायजाने विचारलं.

"गप गो," कान्हू म्हणाला, "दिवा बारीक कर."